दीक्षाभूमीला जाताय? आधी परतीचं ठरवा

14 ऑक्टोबर 1956 रोजी अशोक विजयादशमी होती. त्या दिवशी बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मुख्य सोहळा आजही दसऱ्यालाच होतो, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. रेल्वेचं आरक्षण मात्र 60 दिवस आधी सुरू होतं. म्हणजे गावच्या विहारात प्रवासाची बैठक वर्षावासातच व्हायला हवी.

रेल्वे : मुंबई, पुणे, वर्धा या दिशेने येणाऱ्यांना नागपूरच्या आधी अजनी स्थानक लागतं. मुख्य स्थानकापेक्षा ते दीक्षाभूमीला जवळ आहे. आपली गाडी तिथे थांबते का, हे तिकीट काढतानाच पाहावं. मध्य रेल्वे या काळात विशेष गाड्या सोडते. त्यांच्या घोषणेवर लक्ष ठेवा. ज्येष्ठांना रेल्वेत मिळणारी भाडेसवलत मार्च 2020 पासून बंद आहे, हेही हिशेबात धरा.

एसटी : महाराष्ट्रात महिलांना आणि 65 वर्षांवरील ज्येष्ठांना अर्धं तिकीट, तर 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. वयाचा पुरावा जवळ असू द्या. विदर्भातल्या अनेक कुटुंबांना हा प्रवास परवडतो.

स्वतःचं वाहन : समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही. मोटारसायकलने रॅली काढणाऱ्या मित्रांनी जुनाच रस्ता धरावा. दीक्षाभूमीभोवतीचे रस्ते त्या दिवशी वाहनांना बंद असतात, म्हणून गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवा.

शहरात : नागपूर रेल्वे स्टेशनवरून मेट्रोच्या ॲक्वा लाईनने सीताबर्डीला या. तिथे खापरीकडे जाणारी ऑरेंज लाईन पकडा आणि रहाटे कॉलनीला उतरून पायी चला. रिक्षा केलीच, तर बसण्याआधी भाडं ठरवा. नागलोक आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस पाहायचं असेल, तर दोन्ही कामठी रोडच्या दिशेला आहेत. ऑरेंज लाईनने ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाऊन पुढे बस किंवा रिक्षा घेता येते.

आता मूळ मुद्दा. नागपूरला येताना लोक दोन-तीन दिवसांत विभागून येतात. परतताना मात्र दसऱ्याच्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी सगळेच एकदम स्थानकावर लोटतात. जनरलचा डबा भरला की माणसं आरक्षित डब्यात चढतात, तिथे वाद होतो आणि ‘हे फुकटे’ हा शिक्का सगळ्या समाजावर मारला जातो. आपल्यातल्या बहुसंख्यांनी तिकीट काढलेलं असतं. कमी पडतात त्या गाड्या. म्हणून दोन्ही कामं आपलीच आहेत : प्रत्येकाने तिकीट काढायचं, आणि जादा गाड्या व जनरल डब्यांसाठी रेल्वेकडे वेळेत लेखी मागणी करायची.

गटातल्या एका तरुणाने परतीची जबाबदारी घ्यावी. मेट्रोची शेवटची गाडी कधी, हे सकाळीच विचारून ठेवावं. आयाबायांच्या पदराला किंवा पिशवीत नाव, गाव आणि मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. गर्दीत फोन लागेलच असं नाही. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवावी. शक्य असेल त्यांनी एक दिवस उशिरा निघावं. पुस्तकांच्या स्टॉलवर तेवढीच निवांत खरेदी होते, आणि म्हाताऱ्यांना गाडीत बसायला जागाही मिळते.

जय भीम! नमो बुद्धाय!