जुनी गाडी घेताय? रंग नंतर, आधी पत्रा बघा!

जुन्या गाडीला नवा रंग, नवे सीट कव्हर मारले की सौदा पटकन ठरतो. खरा घोळ मात्र खाली, पत्र्यात असतो.

मारुती ८०० सारख्या गाडीला वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालच्या पोकळ पत्र्यात पाणी-चिखल साचतो आणि गंज आतून बाहेर येतो. रंग फुगलेला दिसेपर्यंत आतला पत्रा बराच खाल्लेला असतो. समुद्रकाठच्या गाडीला खाऱ्या हवेने हे लवकर होते.

घरच्या घरी तपासणी अशी करा. गाडी सपाट जागी असताना दाराची फट बघून ठेवा. मग एक कोपरा जॅकवर उचला आणि दार पुन्हा लावून बघा. फट कमी-जास्त झाली, दार अडकले, तर बॉडी लवतेय. जॅकखालचा पत्राच दबला तर सौदा सोडा. उचललेल्या गाडीखाली मात्र कुणी शिरू नये.

लोहचुंबक कापडात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेला आणि चाकांवरच्या पत्र्यावर फिरवा. पकड ढिली पडली, तर तिथे पुट्टी भरलेली समजा.

शेवटी मॅट उचला. सीटबेल्टच्या बोल्टाजवळचा पत्रा गंजला असेल, तर अपघातात पट्टा उपटून येऊ शकतो.

खासगी गाडीला १५ वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणासाठी फिटनेस तपासणी लागतेच. तेव्हा पत्रा सडका निघाला, तर स्वस्तातली गाडी महागात पडते.