त्सुनामी : समुद्रतळापासून किनाऱ्यापर्यंत

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी, भारतीय प्रमाणवेळेनुसार पहाटे साडेतीनच्या सुमारास, मकरान किनाऱ्यावरील पस्नी गावाच्या दक्षिणेस अरबी समुद्राच्या तळाशी प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर सुमारे पावणेपाच तासांनी मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी एकाएकी चढले. लाटेची उंची सुमारे दोन मीटर होती. तीत पंधरा माणसे वाहून गेल्याची नोंद आहे. ही लाट कोठून आली व तिला इतका वेळ का लागला, हे समजून घेण्याजोगे आहे.

अशा लाटेस त्सुनामी म्हणतात. हा जपानी शब्द असून त्याचा अर्थ ‘बंदरातील लाट’ असा होतो. चंद्र-सूर्यांच्या आकर्षणाने येणाऱ्या भरतीशी तिचा काही संबंध नाही.

मकरानजवळ अरबी भूपट्ट उत्तरेकडील युरेशियन भूपट्टाखाली अत्यंत मंद गतीने सरकत आहे. घर्षणामुळे दोहोंच्या कडा परस्परांत अडकतात व वरच्या भूपट्टाची कड वाकत जाते. वर्षानुवर्षे साचलेला ताण असह्य झाला, म्हणजे ती कड एकदम सुटून उसळते आणि तिच्यावरील सर्व पाणी उचलले जाते. ते पाणी समपातळीस येऊ लागले, की चहूकडे लाटा पसरतात. वाऱ्याने उठणारी लाट पाण्याचा केवळ वरचा थर हालविते. त्सुनामीत मात्र तळापासून पृष्ठभागापर्यंतचे सारे पाणी गतिमान होते.

म्हणूनच तिचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. चार हजार मीटर खोलीवर तो ताशी सुमारे ७०० किलोमीटर, सत्तर मीटर खोलीवर सुमारे ९५ किलोमीटर, तर दहा मीटर खोलीवर अवघा ३६ किलोमीटर असतो. मुंबईसमोर उथळ समुद्रबूड जमीन, म्हणजेच भूखंडमंच, सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. खोल समुद्र झपाट्याने ओलांडून आलेल्या लाटेस हा अखेरचा टप्पा संथपणे कापावा लागला.

भर समुद्रात त्सुनामीची उंची मीटरभराहूनही कमी असू शकते व लांबी शंभर किलोमीटरहून अधिक असते. त्यामुळे जहाजावरील माणसास तिची चाहूलही लागत नाही. उथळ पाण्यात पुढचा भाग मंदावतो, मागचा त्यास गाठू लागतो, आणि लाट आखूड होऊन उंचावते. अरुंद खाडीत पाणी अधिकच चढते. लाटेचा खोलगट भाग प्रथम पोहोचल्यास समुद्र आधी दूरवर ओसरतो. लाटा एकामागून एक येतात आणि पहिलीच सर्वांत मोठी असते असे नाही. परतणारे पाणीही माणसे व होड्या ओढून नेते.

१९४५ मध्ये ते पावणेपाच तास वाया गेले, कारण सूचना देणारी यंत्रणाच नव्हती. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळील भूकंपाने उठलेल्या त्सुनामीने भारतात दहा हजारांहून अधिक बळी घेतले. त्यानंतर २००७ मध्ये हैदराबाद येथे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. भूकंपमापक, समुद्रतळावरील दाबमापक व किनाऱ्यावरील भरतीमापक यांच्या आधारे ते इशारा देते.

भूकंपस्थानाजवळच्या किनाऱ्यास मात्र काही मिनिटांचाच अवधी मिळतो. तेथे जमिनीचा दीर्घकाळ जाणवणारा हादरा किंवा अवेळी ओसरलेला समुद्र हीच पूर्वसूचना होय. ती ओळखून तत्काळ उंच जागी जावे आणि सर्व लाटा ओसरल्याची खात्री होईपर्यंत परत फिरू नये.