विश्लेषण : गाभण डुकरिणीच्या खुराकात कोंडा का हवा?

धानाचा जिल्हा असलेल्या भंडाऱ्यात राइस मिलचा कोंडा सहज मिळतो. जनावरांचे पोट भरणारे स्वस्त खाद्य, एवढीच त्याची ओळख. गाभण डुकरिणीसाठी मात्र त्यातील तंतुमय भागाचे, म्हणजे चोथ्याचे, मोल मोठे आहे. किती पिल्ले जिवंत हाती येतील आणि त्यांना दूध पुरेल का, हे बऱ्याच अंशी आईच्या पोटावर ठरते.

गाभण काळात अडचण काय असते?

डुकरीण साधारण 114 दिवस गाभण असते. या काळात हवे तेवढे खाद्य दिले, तर अंगावर चरबी चढते, विताना त्रास होतो आणि व्याल्यावर भूक मंदावते. म्हणून खुराक मोजून, दिवसाला सुमारे दोन ते अडीच किलो दिला जातो. त्यातून शरीराची गरज भागते, पण पोट भरत नाही. मग डुकरीण गज चावते किंवा तोंडात काही नसताना चघळत राहते. युरोपीय संघाच्या नियमांत गाभण डुकरिणींना पुरेसे चोथायुक्त खाद्य देणे बंधनकारक आहे, ते याच कारणाने.

चोथा पोटात काय करतो?

चोथ्याचा काही भाग पचत नाही. तो पाणी धरून ठेवतो आणि विष्ठा मऊ राहते. उरलेला भाग मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपियोनेट आणि ब्युटिरेट ही आम्ले तयार होतात. ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराचे पोषण करते. बाकीची आम्ले रक्तात मिसळून खाल्ल्यानंतर कित्येक तास ऊर्जा पुरवतात. विणे तासन् तास चालते आणि त्या वेळी डुकरीण खात नाही. ताकद संपली की कळा मंदावतात आणि मागची पिल्ले गुदमरतात. गाभण काळाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत जादा चोथा दिल्यास मृत जन्मणाऱ्या पिल्लांचे प्रमाण घटते, असे डेन्मार्कमधील संशोधनात दिसले आहे.

बद्धकोष्ठता एवढी धोकादायक का?

विष्ठा साचली की जन्ममार्गावर दाब येतो. आतड्यात ई-कोलायसारखे जिवाणू वाढतात आणि त्यांचे विष रक्तात उतरते. त्यामुळे दूध तयार करण्यास चालना देणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण घटते. ताप येतो, कास कडक होते, दूध आटते. पिल्लांना रोगप्रतिकारशक्ती गर्भात मिळत नाही, ती पहिल्या चिकातूनच मिळते. अंगात चरबीचा साठाही जवळपास नसतो. चीक चुकला, तर ती एक-दोन दिवसांतच दगावू शकतात.

कोणता कोंडा द्यावा?

शंभर किलो धानातून साधारण 20 किलो तूस आणि आठ किलो कोंडा निघतो. तुसात सिलिका आणि न पचणारा काष्ठभाग असतो, त्यामुळे ते खाद्य नव्हे. हलरच्या जुन्या गिरणीत तूस आणि कोंडा एकत्र येतात. तूस वेगळे काढणाऱ्या मिलचा कोंडा चांगला. ताज्या कोंड्यात सुमारे 15 टक्के तेल असते, त्यामुळे तो लवकर खवट होतो. साठवायचा असेल, तर तेल काढलेला कोंडा बरा.

किती आणि कसा द्यावा?

कोंडा एकदम वाढवू नये. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत तो खुराकाच्या पाव भागापर्यंत न्यावा. नुसता कोंडा पुरत नाही. मका, पेंड आणि क्षार मिश्रण हवेच, शिवाय बरसीम किंवा ल्युसर्नसारखा हिरवा चारा द्यावा. सर्वात महत्त्वाचे पाणी. गाभण डुकरिणीला दिवसाला 10 ते 20 लिटर लागते. पाणी कमी पडले, तर चोथ्यानेही विष्ठा घट्ट होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात खुराक पहाटे आणि सायंकाळी द्यावा, कारण चोथा पचताना शरीरात उष्णता वाढते. व्याल्यावर दुधासाठी ऊर्जा जास्त लागते, तेव्हा कोंडा कमी करून दाणा वाढवावा.

पशुपालकांनी काय पाहावे?

विण्याच्या आधीच्या आठवड्यात रोज विष्ठा पाहावी. ती शेळीच्या लेंड्यांसारखी कोरडी दिसली किंवा दिवसभर झालीच नाही, तर आधी पाणी आणि चारा तपासावा. सोबत ताप असेल किंवा डुकरीण खात नसेल, तर थांबू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे.