नसलेला किल्ला

'१४ जुलै १७८९, बॅस्टिलचा पाडाव' हे शाळेत इतके घोकले होते, की पॅरिसला गेल्यावर प्रथम तो किल्लाच पाहायचा असे मी ठरवले. बॅस्टिलच्या चौकात पोहोचलो, तर किल्ल्याचा पत्ताच नाही! कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानात शिरून मी थेट विचारले, "किल्ला कुठे आहे?" दुकानातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "बोंजूर, मस्यू." मी ओशाळलो. तिकडे दुकानात पाऊल टाकताच आधी अभिवादन करायचे. ते टाळणे हा उद्धटपणाच. (आपल्याकडे प्रश्नच नमस्काराचे काम करतो!) मीही "बोंजूर, मादाम" म्हटले. तेव्हा बाईंनी बाहेर येऊन रस्त्याच्या फरसबंदीत वेगळ्या दगडांनी आखलेली किल्ल्याची सीमारेषा दाखवली.

पाडावाच्या दिवशी आत कैदी होते अवघे ७. पुढे किल्ला पाडला गेला आणि त्याचे दगड १७९१ मध्ये पुऱ्या झालेल्या, सेन नदीवरील काँकॉर्द पुलाला लागले. चौकातला उंच स्तंभ तरी १७८९ चा असेल? छे, तो १८३० च्या क्रांतीतील मृतांचा. खंदकाच्या भिंतीचे थोडे दगड मात्र तिथल्या भुयारी रेल्वेच्या एका फलाटावर आहेत. त्या फलाटाची वाट विचारताना मी आधी बोंजूर म्हटले.