लहान मुलांमधील सर्दी व फ्लू

सर्दी (पडसे) आणि फ्लू (इन्फ्लुएन्झा) हे विषाणूंमुळे होणारे श्वसनमार्गाचे संसर्गजन्य आजार आहेत. पाच वर्षांखालील मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे असाधारण मानले जात नाही. बहुतेक वेळा हे आजार आपोआप बरे होतात. तथापि काही मुलांमध्ये संसर्ग फुप्फुसांपर्यंत पोहोचून न्यूमोनिया होतो. न्यूमोनिया हे भारतातील बालमृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. त्यामुळे साधी सर्दी आणि धोक्याचा आजार यांतील फरक वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते.

कारणे व प्रसार

सर्दी दोनशेहून अधिक विषाणूंमुळे होऊ शकते. त्यांपैकी ऱ्हायनोव्हायरस सर्वाधिक आढळतो. फ्लू मुख्यतः इन्फ्लुएन्झा 'ए' व 'बी' या विषाणूंमुळे होतो. सर्दीत नाक वाहणे, शिंका व सौम्य ताप ही लक्षणे हळूहळू दिसतात, तर फ्लूमध्ये एकाएकी तीव्र ताप, अंगदुखी व थकवा येतो. केळी किंवा दही खाल्ल्याने सर्दी होते असा समज असला, तरी विषाणूच्या संसर्गाशिवाय ती होत नाही. खोकला व शिंकांतून उडणारे तुषार, तसेच दूषित हात व खेळणी यांद्वारे संसर्ग पसरतो. भारतात पावसाळ्यात व त्यानंतर, तसेच जानेवारी ते मार्च या काळात फ्लूचे रुग्ण वाढतात.

प्रतिबंध

साबणाने किमान २० सेकंद हात धुणे, शिंकताना रुमाल वा कोपराचा आडोसा घेणे आणि आजारी मुलास अंगणवाडीत किंवा शाळेत न पाठवणे हे सोपे उपाय आहेत. पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे. त्यातून रोगप्रतिकारक घटक मिळतात. फ्लूची लस सहा महिन्यांच्या वयापासून दरवर्षी देता येते. पहिल्या वर्षी तिच्या दोन मात्रा चार आठवड्यांच्या अंतराने देतात. न्यूमोकोकल लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली. चुलीचा व विडी-सिगारेटचा धूर न्यूमोनियाचा धोका वाढवतो. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-लसणाची धुरी देण्याची प्रथाही याच कारणाने टाळणे योग्य.

घरगुती काळजी

मुलास विश्रांती, पातळ पदार्थ व नेहमीचा आहार द्यावा. स्तनपान चालू ठेवावे. नाक चोंदल्यास मिठाच्या पाण्याचे (सलाइन) थेंब उपयुक्त ठरतात. नाकात तेल घालू नये. ते फुप्फुसांत जाऊ शकते. एक वर्षाखालील बाळास मध देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार संभवतो. ॲस्पिरिनही मुलांना देऊ नये. प्रतिजैविकांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. जिवाणूजन्य न्यूमोनियात मात्र ती आवश्यक असतात. खोकल्याची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नयेत. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल असलेल्या अशा औषधामुळे अनेक बालके दगावली.

धोक्याची लक्षणे

मूल शांत असताना त्याचे पोट वा छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार पुढील गती जलद समजली जाते :

• २ महिन्यांखालील : ६० वा अधिक
• २ ते १२ महिने : ५० वा अधिक
• १ ते ५ वर्षे : ४० वा अधिक

जलद श्वासासह श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर पडणे, दूध वा पाणी न पिणे, झटके येणे किंवा मूल मलूल होणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांखालील बाळास १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप असल्यास विलंब करू नये.

श्वास मोजण्याचे महत्त्व महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात गावपातळीवरील कार्यकर्त्यांना न्यूमोनिया ओळखण्याचे व प्रतिजैविक देण्याचे प्रशिक्षण दिले. त्यामुळे बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.