दांडी, पडदे आणि हात

कामगारांच्या सभा घेण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने वसंत व्याख्यानमालेत गिटारीच्या दांडीवर बोलावे, याचे नेरमधील काही मित्रांना हसू आले. आम्हांस गिटार वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण दांडा हाताला कसा बसतो, या प्रश्नाशी आमचा जुना संबंध आहे. ऐन तरुणपणी आम्ही एका जिनिंगमध्ये कापूस ओढत होतो. तिथल्या दाताळ्याला बारीक लोखंडी नळीचा दांडा होता. पाळी संपली की मूठ उघडत नसे. जाड लाकडी दांडा मागितला तर उत्तर मिळाले, ‘तुमच्याच हातात जोर नाही.’

तेच उत्तर मध्यंतरी पुन्हा कानी आले. आमच्या एका सोबत्याच्या मुलाने घरबसल्या गिटार मागवली. महिन्याभरात डाव्या हाताची बोटे सोलली, मनगट ठणकू लागले. शिकवणाऱ्याने सांगितले, याचा हात गिटारीचा नाही. पोराने वाद्य खाटेखाली सारले. आम्ही ते बाहेर काढले आणि हात दोषी की दांडी दोषी, याचा शोध सुरू केला.

कुऱ्हाडीचा दांडा पाहा. (गोतास काळ ठरतो तो वेगळा.) तो पुरता गोल नसतो, लंबगोल असतो, म्हणजे मुठीत फिरत नाही. अमेरिकेतील सरकारी कामगार-आरोग्य संस्थेने 2004 साली हातहत्यारांच्या निवडीवर पुस्तिका काढली. तीत जोराच्या कामाची मूठ सुमारे 3 ते 5 सेंटिमीटर जाडीची असावी असे म्हटले आहे. त्याहून बारीक मूठ उलट अधिक आवळावी लागते. गिटारीची दांडी म्हणजे कुऱ्हाड नव्हे, तिथे जोर कमी आणि चपळाई अधिक. तरी पातळ दांडी म्हणजे सोपी दांडी, हा दुकानातला समज सर्वांना लागू पडत नाही. मोठ्या पंजाच्या माणसाचा अंगठा पातळ दांडीवर उगाच दाबून धरतो आणि त्याच्या मुळाशी कळ येते.

दांडीच्या पाठीचे आकार निरनिराळे असतात. कुठे ती अर्धगोल, कुठे चपटी, कुठे होडीच्या तळासारखी मधोमध धार असलेली. अंगठा दांडीच्या मागे मध्यावर टेकवून वाजवणाऱ्याला चपटी पाठ बरी पडते. दांडी मुठीत घेऊन अंगठा वरून डोकावू देणाऱ्याला धारेची पाठ मानवते. पूर्वी आपल्याकडे गिटार म्हटली की पुष्कळदा मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची हवाईयन गिटार असे. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. तिच्या दांडीला मूठ घालावीच लागत नाही, म्हणून ती चौकोनी असली तरी बिघडत नाही.

आता पडदे ज्या पट्टीवर ठोकलेले असतात, तिची गोलाई. बैलगाडीच्या चाकाची धाव डोळ्यांसमोर आणा. तिचा बोटभर तुकडा कापला तर तो जवळजवळ सपाट दिसेल. लहान चाकाचा तेवढाच तुकडा चांगला बाकदार असेल. गिटारीची पट्टी आडवी अशीच बाकदार असते आणि तो बाक वर्तुळाच्या त्रिज्येने मोजतात. फेंडरच्या जुन्या विजेच्या गिटारींत ही त्रिज्या सव्वासात इंच होती, पुढे साडेनऊ आली. गिब्सनच्या बहुतेक गिटारींत 12, मार्टिनच्या लाकडी गिटारींत 16. नायलॉन तारांच्या शास्त्रीय गिटारीची पट्टी बहुधा सपाटच.

एकच बोट सहाही तारांवर आडवे दाबून धरणे ही नवशिक्याची मोठी परीक्षा. अधिक बाकाच्या पट्टीवर बोट आपल्या स्वाभाविक वळणाने बसते. पण तार आडवी ओढून सूर चढवायचा झाला की हाच बाक आड येतो. कडेची तार उंचवट्यावर चढते, पुढच्या पडद्यांना घासते आणि सूर मरतो. तो मरू नये म्हणून तारा उंच ठेवल्या की बोटांना दाब वाढवावा लागतो. यावर कारागिरांनी तोड काढली आहे: खुंट्यांच्या बाजूला बाक जास्त आणि पोटाकडे येता येता पट्टी सपाट.

आपल्या मिरजेच्या कारागिरांपुढे वेगळा प्रश्न होता. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातून फरीदसाहेबांसारखे सतारमेकर निघाले. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीची दांडी तीन इंचांच्या आसपास रुंद, म्हणजे गिटारीहून किती तरी मोठी! तरी हात मोडत नाही. कारण तिथे बहुतेक काम एकाच तारेवर चालते, सहा तारा एकदम दाबाव्या लागत नाहीत. मींड घेताना तार चार-पाच स्वरांपर्यंत आडवी ओढतात, त्यासाठी पडद्यावर मोकळी जागा लागते. ती जागा म्हणजे ही रुंदी. शिवाय वाद्याचा तोल उजवा हात आणि पाय सांभाळतात, डाव्या हाताला ओझे नाही. तेव्हा रुंद की अरुंद, हे हाताला कोणते काम दिले आहे ते पाहूनच ठरवावे.

त्या मुलाच्या गिटारीकडे वळू. दांडी व बाक दोन्ही ठीक निघाले. तिसऱ्या पडद्यामागे तार दाबून पहिल्या पडद्यावर पाहिले, तर तिथे केसभर फट असावयाची, तिथे पोस्टकार्ड सहज जात होते. म्हणजे खुंट्यांजवळच्या पट्टीच्या खाचाच उथळ होत्या. त्यात यवतमाळचा उन्हाळा. लाकूड सुकून आक्रसले होते आणि पडद्यांची टोके काठाबाहेर येऊन बोटांना कापत होती. पोलादी तारांची एकूण ओढ 70 किलोच्या आसपास असते. तिला तोंड देण्यासाठी दांडीच्या पोटात लोखंडी सळई असते, तीही ढिली होती.

खाचा खोल केल्या, टोके बारीक कानशीने घासली, सळई एका जाणकाराकडून कसून घेतली. मुलगा आता रोज तासभर वाजवतो. पहिल्या घरातली आडव्या बोटाची पकड अजून त्याला जमत नाही. खुंट्यांजवळ तार दाबायला जोर जास्त लागतो. पाचव्या घरात मात्र त्याच्या सहाही तारा स्वच्छ बोलतात.