भाकरी कोण थापणार?

खोपोलीत लग्न ठरवताना मुलीची नोकरी आता अडचणीची राहिलेली नाही. उलट ती हवीच असते. घोळ संध्याकाळी होतो. कर्जत-खोपोली हा सुमारे १५ किलोमीटरचा एकेरी लोहमार्ग, गाड्या मोजक्या. कर्जतला जोडगाडी चुकली की दोघंही उशिराच घरी पोचतात. मग तो चप्पल काढून टेकतो आणि ती थेट तांदळाच्या भाकरीसाठी उकड काढायला घेते.

२०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी विनामोबदला काम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. २०१९मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बायकांची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषांनीही नऊ मिनिटं काढून घेतलीच!

तरुण जोडपी यातून आपापली वाट काढतात. कुणी साखरपुड्याआधीच ‘मला स्वयंपाक येतो’ असं सांगून टाकतो. पण गावाहून आई आली की तोच स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. मुलीही अडखळतात: हॉटेलचं बिल निम्मं भरायचं, पण नवऱ्याचा पगार आपल्यापेक्षा जास्तच हवा.

कागदोपत्री मात्र थोडं सरकलंय. १ मे २०२४पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी नोंदीत महाराष्ट्रात आधी आईचं नाव, मग वडिलांचं. तरी बारशाला आडनाव कुणाचं, हा प्रश्न अजून फारसं कुणी काढत नाही.